प्रकाशापुढे धावणारी याने आणि त्यांचे भाडे



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्या यानाचा एकही खिळा आजवर कोणी ठोकलेला नाही, त्याच्या वेगाची चिकित्सा करण्यात वसंतातली एक संध्याकाळ का दवडावी, असे कोणी विचारले तर ते अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. परंतु पुष्पक विमानाच्या गोष्टी आपण पिढ्यानुपिढ्या ऐकत आलो आहोत, आणि त्याचेही खिळे कोणी मोजलेले नाहीत. विज्ञानकथांतील याने वाचकाला दूरच्या ताऱ्यांकडे नेतात. या प्रवासाचे भाडे कोण भरतो, किती भरतो, आणि बिनतिकिटाने कोणकोण बसले आहे, एवढेच आम्हांला आज पाहायचे आहे.

प्रथम अंतराचा अंदाज घेऊ. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. नेमका आकडा २,९९,७९२ असा आहे. चंद्रावरून निघालेला उजेड सव्वा सेकंदात आपल्या अंगणात पडतो, सूर्याचा सुमारे सव्वाआठ मिनिटांत. सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे प्रॉक्सिमा सेंटॉरी हा तारा. त्याचा उजेड यायला सव्वाचार वर्षे लागतात. पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधले अंतर एक मीटर धरले, तर हा शेजारी पुण्याहून सोलापूरच्याही थोडा पलीकडे जाऊन बसतो. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान दर सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने चालले आहे. ते या ताऱ्याच्या रोखाने जात असते, तरी पोहोचायला सुमारे ७५ हजार वर्षे लागली असती. आणि हा झाला शेजारी. आपल्या आकाशगंगेचा पसारा एक लाख प्रकाशवर्षांच्या घरात जातो.

आता कथाकाराची अडचण ध्यानात घ्या. त्याला नायक परक्या ग्रहावर उतरवायचा आहे, तिथल्या राजाशी त्याचे भांडण लावून द्यायचे आहे, आणि नायिका म्हातारी होण्याच्या आत त्याला घरी आणायचे आहे. वाटेत आइन्स्टाइनसाहेब उभे. १९०५ साली त्यांनी दाखवून दिले की, वस्तूचा वेग प्रकाशवेगाच्या जसजसा जवळ जातो, तसतशी तो आणखी वाढवायला लागणारी ऊर्जा बेसुमार वाढत जाते, आणि शेवटचे पाऊल टाकायला सगळ्या विश्वातली ऊर्जाही पुरी पडत नाही. चांगले इंजिन केले म्हणजे हा अडसर दूर होईल असे नाही. अवकाश आणि काल यांची वीणच तशी आहे.

सुरुवातीच्या लेखकांनी या अडसराचा फारसा मुलाहिजा ठेवला नाही. ई. ई. स्मिथ या अमेरिकन लेखकाची 'स्कायलार्क ऑफ स्पेस' ही कादंबरी १९२८ साली 'अमेझिंग स्टोरीज' मासिकातून क्रमशः आली. तिच्यातले यान प्रकाशवेग ओलांडते, तेव्हा पात्रांनाही आइन्स्टाइनची आठवण होते. त्यावरचा तोडगा असा की, तो सिद्धान्त आहे आणि हे आम्ही कापलेले अंतर प्रत्यक्ष दिसते आहे. सबब प्रत्यक्ष खरे. या धिटाईचे आम्हांला कौतुक वाटते. पण कथालेखकाने आपणच लिहिलेली गोष्ट पुरावा म्हणून दाखल करावी, हे कोणत्याही कोर्टात चालायचे नाही.

पुढे स्मिथनेच 'लेन्समन' मालिकेत अधिक विचार केला. तिथे यानाचे जडत्वच काढून टाकले जाते. जडत्व नाही म्हटल्यावर वेग वाढवायला जोर लागत नाही, आणि अवकाशातल्या विरळ द्रव्याचा रोध हीच काय ती वेगाची मर्यादा उरते. मात्र जडत्व परत दिले की यानाचा मूळचा वेग जसाच्या तसा परत येतो, मग समोर ग्रह असो की दुसरे यान. त्यामुळे उतरण्यापूर्वी दोघांचे मूळ वेग जुळवून घेण्याची खटपट करावी लागते. विज्ञान म्हणून यात काही दम नाही. पण हिशेब सुरू झाला. फुकट काही मिळत नाही, ही जाणीव इथे प्रथम डोकावते.

दुसरी युक्ती मोठी लोकप्रिय झाली. आपल्या अवकाशात वेगाला बंदी असेल तर आपले अवकाशच सोडावे, पलीकडच्या एखाद्या अवकाशातून आडवाट काढावी आणि हव्या त्या ठिकाणी परत प्रकट व्हावे. या आडवाटेला 'हायपरस्पेस' असे नाव पडले. जॉन कॅम्बेलच्या १९३१ सालच्या 'आयलंड्स ऑफ स्पेस' या कादंबरीत ते आढळते. रॉबर्ट हाइनलाइनच्या १९५३ सालच्या 'स्टारमॅन जोन्स'मध्ये ही कल्पना रुमालाची घडी घालून समजावून दिली आहे. रुमालाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला सारा रुमाल तुडवावा लागतो; घडी घातली की टोकाला टोक भिडते. उदाहरण इतके सुबक आहे की ऐकणाऱ्याला सगळे समजल्यासारखे वाटते. मात्र घडी घालणारा हात कोणाचा, हे त्यात येत नाही.

आयझॅक ॲसिमॉव्हच्या 'फाउंडेशन' मालिकेत अशा उड्या मारून माणसांनी सगळी आकाशगंगा वसवली आहे, आणि त्या उडीचा त्रास जवळजवळ शून्य. तिथे लेखकाला साम्राज्याचा ऱ्हास सांगायचा होता. वाहतुकीचा खोळंबा त्याला परवडणारा नव्हता. परंतु याच ॲसिमॉव्हची १९४५ सालची 'एस्केप' ही कथा आम्हांला अधिक मोलाची वाटते. तिच्यात अशी उडी मारणारे यान कसे बांधावे हा प्रश्न एका यांत्रिक मेंदूला घातला आहे. मनुष्याला इजा होऊ देऊ नये, हा त्या मेंदूचा पहिला नियम. अडचण अशी की उडीच्या क्षणी यानातली माणसे मरतात. क्षणभरच, पण मरतात. एका प्रतिस्पर्धी कंपनीचे यंत्र या प्रश्नापायी मोडून पडलेले असते. हा मेंदू मोडत नाही, पण त्या ताणाने थोडा चक्रम होतो आणि यानात दूध व घेवड्याच्या डब्यांखेरीज खायला काही ठेवत नाही. हसत हसत वाचण्याची कथा आहे. तरीही पलीकडे जायचे तर एकदा मरून जावे लागेल, ही अट तिच्यात आहे, आणि ती वाचकाच्या मनातून जात नाही.

१९६६ साली अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि 'वार्प' हा शब्द घरोघर गेला. यान स्थिरच, भोवतीचे अवकाश मात्र पुढे आकसते आणि मागे पसरते, अशी ही कल्पना पुढे रूढ झाली. ती ऐकून एका तरुण शास्त्रज्ञाने खरोखरच गणित मांडले. मेक्सिकोच्या मिगेल अल्कुबिएरे यांचा १९९४ सालचा निबंध प्रसिद्ध आहे. व्यापक सापेक्षतेच्या समीकरणांत असा बुडबुडा बसतो, असे त्यांनी दाखवले. पण तो फुगवायला ऋण ऊर्जा लागते, म्हणजे रित्या अवकाशाहूनही उणी, आणि तीही अवाढव्य. तेव्हा ही हुंडी कागदावर बिनचूक आहे. वटवणारी पेढी मात्र अजून सापडलेली नाही. मालिकेत यानाला ही चिंता नव्हती. कप्तानाने हुकूम सोडावा आणि जाहिरातींच्या आधी मुक्कामाला पोहोचावे, असा तो कारभार. आम्ही या मालिकेचे शत्रू नाही. तिच्या यानाला विलंब होतो तो गोष्टीच्या सोयीप्रमाणे, एवढेच नोंदवून पुढे जातो.

कथाकाराने शास्त्रज्ञाला कामाला लावल्याचे याहून चांगले उदाहरण कार्ल सेगन यांच्या १९८५ सालच्या 'कॉन्टॅक्ट' या कादंबरीचे. नायिकेला दूरच्या ताऱ्यापाशी कसे न्यावे, हे त्यांनी किप थॉर्न या आपल्या मित्राला विचारले. थॉर्न यांनी 'वर्महोल' सुचवले. सफरचंदाच्या सालीवरून वळसा घेण्याऐवजी अळीने आरपार पोखरलेल्या वाटेने जावे, तसा हा अवकाशातला बोगदा. नुसता बोगदा तत्क्षणी मिटून जातो. तो उघडा राहण्यासाठी कसले द्रव्य लागेल, याचा थॉर्न आणि मॉरिस यांनी केलेला विचार १९८८ साली प्रसिद्ध झाला. इथेही पुन्हा तीच ऋण ऊर्जा. कादंबरीच्या निमित्ताने पदार्थविज्ञानातले एक दालन उघडले, हे मात्र खरे.

येथवर आपण इंजिनांविषयी बोललो. खरा घोटाळा इंजिनात नाही. तो घड्याळात आहे. श्रोत्यांनी इथे पाच मिनिटे नेटाने लक्ष द्यावे अशी विनंती आहे, कारण आकडे सोपे आहेत आणि निकाल विलक्षण आहे.

हाइनलाइनच्या १९५६ सालच्या 'टाइम फॉर द स्टार्स' या कादंबरीत टॉम आणि पॅट हे जुळे भाऊ आहेत. टॉम यानातून जातो, पॅट पृथ्वीवर राहतो, आणि दोघांचा मनोमन संवाद चालतो. या मनातल्या निरोपाला वेळच लागत नाही. हेच दोघे आपण घेऊ, पण आकडे आपल्या सोयीचे ठेवू. टॉमचे यान प्रकाशाच्या चार-पंचमांश वेगाने दूर जात आहे. या वेगाला टॉमचे घड्याळ पॅटच्या हिशेबाने मंद चालते. पॅटची १० वर्षे होतात तेव्हा टॉमची ६ झालेली असतात. ही कविकल्पना नव्हे. १९७१ साली हाफेले आणि कीटिंग या दोघांनी अणुघड्याळे विमानांतून जगाभोवती फिरवून असा फरक मोजला आहे. विमानांचा वेग कमी म्हणून तो सेकंदाच्या अब्जांशांत आला इतकेच.

आता पॅटने, निघण्याला १० वर्षे झाल्यावर, टॉमला विचारले, "कसा आहेस?" निरोप तत्क्षणी पोहोचला. टॉमच्या घड्याळात ६ वर्षे झाली आहेत. टॉम म्हणाला, "बरा आहे," आणि हे उत्तरही तत्क्षणी निघाले. पण तत्क्षणी म्हणजे कोणाच्या हिशेबाने? टॉमच्या दृष्टीने त्याचे यान स्थिर आहे आणि पृथ्वीच मागे पळते आहे. तेव्हा मंद चालते ते पॅटचे घड्याळ, आणि तेही त्याच प्रमाणात. टॉमची ६ वर्षे होतात त्या क्षणी, टॉमच्या हिशेबाने, पृथ्वीवर ३ वर्षे आणि सुमारे ७ महिने झालेले असतात. उत्तर तिथे जाऊन पोहोचते. पॅटने प्रश्न विचारला दहाव्या वर्षी. उत्तर त्याला मिळाले चौथ्या वर्षात! उत्तर ऐकून त्याने प्रश्न विचारायचाच नाही असे ठरवले तर?

दोघांचे "आता" निराळे असते, आणि निसर्ग दोघांनाही सारखेच खरे मानतो. प्रकाशाहून सावकाश चालणाऱ्या निरोपांत या मतभेदाने काही बिघडत नाही. प्रकाशापुढे धावणारा निरोप निघाला की मात्र कार्य कारणाच्या आधी येऊ शकते. यान असो, बोगदा असो वा मनोमन संवाद. कोणत्याही दिशेने, कोणाच्याही हिशेबाने असे जाता येत असेल, तर जुळणी करून भूतकाळातही जाता येते. यातून सुटायचे तर विश्वात एकच कोणते तरी घड्याळ अधिकृत मानावे लागेल, आणि तसे घड्याळ असल्याची खूण आजवर सापडलेली नाही. हाइनलाइनने हा पेच अर्धा ओळखला. त्याच्या कादंबरीत या संवादाच्या अभ्यासातूनच शास्त्रज्ञांना वेगवान याने सापडतात. उरलेला अर्धा त्याने मुकाट्याने सतरंजीखाली सारला, आणि बहुतेकांनी तेच केले आहे.

शास्त्रज्ञांनी मात्र हा विषय कथाकारांवर सोडून दिला नाही. प्रकाशाहून सावकाश वस्तू प्रकाशवेग गाठू शकत नाही हे खरे. पण जन्मतःच वेगवान असलेले कण असतील तर? हा प्रश्न १९६२ साली एका निबंधात गंभीरपणे मांडला गेला. त्याचे तीन लेखक: बिलान्यूक, देशपांडे आणि सुदर्शन. मधले आडनाव ऐकून या सभागृहातील काही मंडळी खुलली, हे आम्हांला इथून दिसते आहे. १९६७ साली जेराल्ड फाइनबर्ग यांनी अशा कणांना 'टॅकिऑन' हे नाव दिले. कण मात्र कोणाला भेटला नाही. २०११ च्या सप्टेंबरात क्षणभर वाटले की भेटला. जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो ७३० किलोमीटरवर इटलीत, प्रकाशाच्या वेळेपेक्षा सेकंदाच्या सुमारे ६० अब्जांश भागांनी आधी पोहोचलेले दिसले. जगभर गाजावाजा झाला. पुढल्या वर्षी कळले की एक तार नीट बसलेली नव्हती. त्या शास्त्रज्ञांनी आपला आकडा लपवला नाही आणि जगाला तपासायला दिला, याबद्दल त्यांना दोष देणे आम्हांला मान्य नाही.

आता पुन्हा कथांकडे वळू. जो लेखक प्रवासाला अट घालतो, त्याच्या कथेत जीव येतो, हे आमचे मत आहे. फ्रँक हर्बर्टच्या १९६५ सालच्या 'ड्यून'मध्ये ताऱ्यांमधली वाट दाखवणाऱ्या नावाड्यांना एक मसाला लागतो, आणि तो एकाच वाळवंटी ग्रहावर मिळतो. झाले, साऱ्या साम्राज्याचे राजकारण त्या वाळूत आले. निव्हन आणि पुर्नेल यांच्या 'द मोट इन गॉड्स आय'मध्ये उडी ठरावीक बिंदूंवरूनच मारता येते. एका परक्या जमातीच्या वाट्याला आलेला एकुलता एक बिंदू एका प्रचंड लाल ताऱ्याच्या पोटात निघतो. त्या जमातीची याने पुनःपुन्हा जातात आणि जळून जातात. का परतत नाहीत ते मागच्यांना कळत नाही. एवढ्या एका अटीवर पाच-सहाशे पाने उभी आहेत. चीनच्या लिऊ त्सशिन यांच्या २०१० सालच्या 'डेथ्स एंड'मधली याने प्रकाशवेगापर्यंतच जातात, पण त्यांच्या मागे जी वाट उरते तिच्यात प्रकाशच मंदावतो. ज्याने प्रवास केला त्याने रस्ता खराब केला; हे भाडे मागून येणाऱ्यांवर बसते.

'मोट' ही कादंबरी १९७४ सालची. त्याच साली जो हाल्डमन यांची 'द फॉरेव्हर वॉर' आणि उर्सुला ले ग्विन यांची 'द डिस्पझेस्ड' आली. आणि इकडे त्याच साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कोणा नवख्या लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, हे मागाहून कळले. आद्याक्षरे उलटी वाचून पाहावीत.

हाल्डमन व्हिएतनामच्या लढाईत शिपाई होते. त्यांच्या कादंबरीत कृष्णविवरासारख्या ताऱ्यांतून उडी मारायला वेळ लागत नाही; पण त्या ताऱ्यापर्यंत आणि तिथून रणांगणापर्यंत प्रकाशवेगाच्या जवळपास जावे लागते, आणि तेवढ्यात घरी शतके उलटतात. शिपायाची नोकरी काही वर्षांची, युद्ध ११४३ वर्षांचे. प्रत्येक वेळी परत यावे तो भाषा बदललेली, रीती बदललेल्या, ओळखीचे कोणी नाही. अखेरीस त्याच्या हाती प्रेयसीचे शेकडो वर्षांचे जुने पत्र पडते. तिने इतरांसह एक जुने यान विकत घेतले आहे, आणि ते वेगाने जात-येत ठेवून ती त्याची वाट पाहत बसली आहे. दहा वर्षांत तिचे वय महिनाभर वाढते. ज्या मंद घड्याळाने दोघांना तोडले, त्याच घड्याळाचा तिने असा उपयोग करून घेतला. पेन्सिलीने कागदावर मांडता येईल असे हे गणित आहे, आणि आम्हांला ते कोणत्याही विरहवर्णनापेक्षा खरे वाटते.

आपल्याकडे भागवतात ककुद्मी राजाची कथा आहे. कन्या रेवतीला वर कोणता पाहावा हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे गाणे चालले होते, म्हणून थोडा थांबला. मग ब्रह्मदेव हसून म्हणाला, तू मनात धरलेली सगळी स्थळे गेली. खाली सत्तावीस चौकड्या युगे उलटली. पुराणकारांना सापेक्षतावाद ठाऊक होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तसे म्हणणाऱ्यांची संख्या आधीच पुरेशी आहे. लांब जाऊन आलेल्याला आपले घर सापडत नाही, ही भीती मात्र जुनी आहे, आणि समुद्रापार मुले पाठवलेल्या घरांना ती निराळी सांगावी लागत नाही.

ले ग्विन यांनी या भीतीला बगल दिली नाही. त्यांच्या १९६४ सालच्या एका कथेत सेम्ली नावाची राणी वडिलार्जित हार आणायला एका रात्रीच्या प्रवासाला जाते. परत येते तो नवरा मेलेला आणि तान्ही मुलगी आईच्या वयाची झालेली. त्यांच्या विश्वात निरोप तत्क्षणी जातात; त्या यंत्राचे नाव 'अ‍ॅन्सिबल'. माणसांना मात्र वर्षे मोजावी लागतात. निरोपाचा तो टॉम-पॅटचा घोटाळा त्यांनाही सुटलेला नाही. 'द डिस्पझेस्ड'चा नायक शेव्हेक हा एककालिकतेचाच सिद्धान्त रचतो, पण तो कोणाच्या घड्याळाने, हे बाईंनी सांगितलेले नाही. आम्ही ही सूट त्यांना देतो, कारण भाडे त्यांनी दुसऱ्या खिडकीवर पुरेपूर भरले आहे.

आणि १९९४ साली, 'अनदर स्टोरी' या कथेत, त्यांनी तो राहिलेला हिशेबही काढला. हिदेओ नावाचा एक तरुण घर, गाव आणि मनातली मुलगी सोडून दुसऱ्या ग्रहावर विद्येसाठी जातो. प्रवासातच घरची वर्षे निघून जातात. तिकडे तो तत्क्षणी प्रवास घडवणाऱ्या यंत्रावर काम करतो. हेतू हा, की आपल्यासारखी पाळी पुढे कोणावर येऊ नये. लहानपणी आईने त्याला उराशिमा या जपानी कोळ्याची गोष्ट सांगितलेली असते. समुद्रातळच्या राजवाड्यात थोडे दिवस राहून तो परतला, तेव्हा गावात शतके लोटली होती. पुढे यंत्राची परीक्षा घेताना हिदेओ स्वतःच्या गावाकडे उडी मारतो. उडी जागेवर पडते, वेळेवर पडत नाही. तो घराच्या अंगणात उभा राहतो, आणि हे अंगण अनेक वर्षांपूर्वीचे असते. आई तरुण आहे, ती मुलगी अजून कोणाची झालेली नाही, आणि ज्या शोधासाठी त्याने हे सगळे सोडले तो शोध अजून लागलेला नाही. तो तिथेच राहतो, शेती करतो. आणि म्हातारपणी, जे घडलेच नाही त्याचा अहवाल लिहायला बसतो.